बांड्याची खांदशेकणी

हसायचं असंल तं आताच हसून घ्या, मंग मले मधात थांबवू नका. अन् चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा सांगतला तं माह्या नणंदेच्या नाकातून चहा आला, अन् तिनं दोष मलेच देला. तसे या किश्श्यात दोष देणारे लय आहेत. पण सगळ्यात मोठ्या तोंडाची मी!

मी कांता. चौथीपर्यंत शिकली, पुढच्या शाळेले माही गरज वाटली नाई. आमचं गाव रोहणा. घरी सहा चाकाचा ट्रक आहे. कागदावर तो आमच्या गुलाबरावच्या नावानं आहे, पण चालते माह्या तोंडावर. गुलाबराव म्हणजे माहे मालक. लय गरीब माणूस. दिवसातून एखादा शब्द बोलले तं मी उठून बाहेर पाह्यते, आभाळ तं नाई आलं!

ट्रकाचं नाव बांड्या. काऊन? तं आमच्या दावणीचा शेवटचा बैल बांड्या होता. तो गेला, मंग दावणीले बैल आला नाई, अंगणात ट्रक आला. आता पोळ्याले काय करायचं सांगा! सारं गाव बैल सजवून राह्यलं अन् आपण काय मोबाईलवर दुसऱ्याचे बैल पाहत बसायचं? मी म्हणलं, जो ओझं वाह्यते तो बैल. चार पायाचा असो का सहा चाकाचा. त्या दिवसापासून आमच्या घरी ट्रकाचा पोळा होते. लोकं हसतेत. हसू द्या. लोकायले दुसरा धंदा नाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू ओढून ओढून बैलाचा खांदा दुखते, तं तो गरम पाण्यानं शेकाचा, हळद-तूप चोळाचं अन् त्याच्या कानात म्हणाचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' आता ट्रकाचा खांदा कुठी असते? मी आमच्या ड्रायव्हरले, नामदेवले, इचारलं.

"काकू, गाडीले खांदा नसते," तो म्हणे.

"मंग ओझं कायवर पेलते?"

"मागच्या अक्सलवर."

"मंग तोच खांदा! इतकी वर्षं गाडी चालवून राह्यला अन् तुले तिचा खांदा माहीत नाई? बायकोचं नाव तरी माहीत हाय का?"

तुमी अक्सल पाह्यला असंल. मागच्या चाकायच्या मधात लोखंडाचा जाडजूड आडवा दांडा असते. मधात फुगलेला, अजगरानं बकरी गिळल्यासारखा. त्याच्या पोटात गेअर असतेत अन् गेअर बुडतीन इतकं घट्ट तेल. सडक्या अंड्यासारखा वास येते त्याले. तर यंदाच्या पोळ्याले मी पदर खोचून ट्रकाखाली गेली, अक्सलले हळद-तूप चोळलं. तं काय दिसलं? त्या फुगीर पोटाच्या वर टोपी घातलेली एक गुंडी. बोराएवढी. मी म्हणलं, हे तं बांड्याचं वशिंड! बैलाच्या वशिंडाले रंग लावतेत, मंग यानं काय पाप केलं? दाराले लावून उरलेला लाल ऑइलपेंट होता. चांगले दोन हात मारले. टोपीच्या खालून, वरून, सगळीकडून. लुगड्यावर टिक्के पडले पण गुंडी अशी चमकली, अशी चमकली, का विचारू नका!

विचारू नका म्हणते ते उगीच नाई. पुढं समजंल.

कापूस सुरू झाला. आर्वीच्या बाजारातून कापूस उचलायचा अन् सरकी काढाच्या कारखान्यात, जिनिंगमधी, नेऊन टाकायचा. जिनिंगवाल्या शेठनं अख्खा हंगाम बांड्याले देला होता. हंगाम म्हणजे आमचं वर्ष! अन् त्या हंगामावर डोळा कोणाचा? माह्या धाकट्या जावेचा, रत्नाचा. रत्नाकडंही ट्रक आहे. नवाकोरा. इतके लाइट लावले त्याले, का रस्त्यानं चालला तं लोकायले वाटते वरात आली, अन् ते अक्षता शोधतेत.

दिवाळीच्या आधी एक दिवस नामदेव अंगणात आला अन् चपला न काढताच बोलला, "काकू, डाव्या चाकातून तेल येऊन राह्यलं."

मी गेली. टायरच्या आतल्या अंगाले काळे ओघळ. बोट लावलं, नाकाशी नेलं. सडकं अंडं! म्हणलं, हे ब्रेकचं नाई, हे अक्सलचं. आता चौथी पास बाईनं इतकं ओळखलं म्हणल्यावर छाती फुगणारच ना? फुगली. अन् तिथंच घात झाला. ज्याले अर्धं समजते ना, त्याच्याएवढा धोक्याचा माणूस नाई. मी आरशात पाहून सांगून राह्यली.

गाडी घेऊन आर्वीले बाबाराव मिस्त्रीकडं गेलो. हा बाबाराव म्हणजे काय सांगू! पाना उचलायच्या आधी तोंड उचलते. मिशीले ग्रीस लावते का काय कोण जाणे, पण बोलणं असं सरसर.

"काकू, टेन्शनच नाई. चाकाच्या तोंडाशी रबराचं कडं असते, तेल अडवाले. त्याले सील म्हणतेत. ते गेलं. नवीन टाकतो. माह्या हातचं सील म्हणजे माहेरचं लोणचं, वर्षभर पाहाची गरज नाई."

"अन् नासलं तं?"

"तं माही मिशी काढजा."

सील टाकलं. गाडी घरी आली. मी म्हणलं, मिस्त्रीनं त्याचं काम केलं, आता आपण आपलं करू. बैलाचा खांदा सुजला तं काय करतेत? हळद अन् चुना कालवून गरम लेप लावतेत. वाळला का दगडावानी बसते अन् सूज ओढून घेते. मी वाटीभर लेप केला, ट्रकाखाली गेली, अक्सलले थापला. अन् वशिंडावर जास्तीचा एक गोळा दाबून बसवला. काऊन का खांद्याची नस वशिंडातूनच जाते. हे मले कोणी सांगतलं? कोणी नाई! मलेच वाटलं!

पुढच्याच आठवड्यात उजवं चाक गळाले लागलं.

मी बाबारावच्या दुकानी उभी. "काय गा मिस्त्री, हे माहेरचं लोणचं?"

"काकू, मी डावं सील टाकलं होतं. हे उजवं हाय. उजव्याचं मी काही बोललो होतो का?"

सांगा आता! वकील व्हाचं सोडून हा नटबोल्ट पिळून राह्यला. त्यानं उजवं टाकलं. मी घरी येऊन डबल लेप लावला. वशिंडावर लिंबाएवढा गोळा. बांड्याले म्हणलं, "सहन कर बापा, उतरंल सूज."

सूज कायची उतरते! आता इंजिनाकडून जो लांब दांडा येऊन अक्सलच्या पोटात घुसते ना, त्या तोंडातूनही तेल यायले लागलं. तिकडं पुन्हा नवीन सील. अन् तोवर डावं चाक पुन्हा सुरू! डावं, उजवं, समोरचं. देवळातल्या कारंज्यावानी गाडी झाली.

मी गावभर सांगत सुटली, बाबाराव नकली सील विकते. किराणा दुकानात सांगतलं, पिठाच्या चक्कीवर सांगतलं, तेरवीले गेली तं तिथंही सांगतलं. तेरवीतले लोकं बिचारे जेवता जेवता सीलावर चर्चा करून राह्यले.

अन् हे गळणं नुसतं गळणं नसते बरं. तेल चाकाच्या आत ब्रेकच्या लायनरवर जाते. लायनर तेलात भिजलं का ब्रेक धरत नाई. एक दिवस नामदेवनं पाण्याच्या टाकीपाशी ब्रेक दाबला अन् गाडी थांबली थेट पानठेल्याच्या तोंडाशी. पानवाला चुन्याची डबी घेऊन नालीत उडी मारून बसला होता. नामदेव गाडीतून उतरला, चाबी माह्या हातात देली.

"काकू, मले लेकरं हायेत. गळती बंद होईन तवा बोलवजा."

इतक्यात जिनिंगच्या गेटावर चौकीदारानं अक्सलखाली तेलाचा डाग पाह्यला. गाडी परत. मी शेठपाशी गेली. शेठ गादीवर बसून सुपारी कातरून राह्यला होता.

"देखो कांताबाई," तो म्हणे, "कापूस और तेल का बैर है. एक थेंब पडला तं माल डागी. सोमवारपर्यंत गाडी कोरडी करून आणा. नाई झाली तं मी रत्नाबाईची गाडी लावतो. नंतर मंग पूर्ण हंगाम तिचाच."

रत्नाले ही बातमी शेठनं देली का वाऱ्यानं, माहीत नाई. मी घरी पोचायच्या आधी ती माह्या ओट्यावर बसून होती.

"जाऊबाई, काही मदत लागली तं सांगजा हं. आमची गाडी उभीच हाय."

"उभीच शोभते तुही गाडी, रत्ना. चालली का दोन लाइट गळतेत तिचे."

"लाइटच गळतेत ना, तेल तं नाई," ती म्हणे, अन् गेली गुणगुणत.

गुलाबराव खाटेवर बसून होते. त्यायनं एकदा माह्याकडं पाह्यलं, एकदा ट्रकाकडं. बोलले काही नाई. मले त्या न बोलण्याचाही राग आला.

रविवारी नामदेवले हातापाया पडून, पहिल्या गेअरात चालव म्हणून सांगून, मी बांड्याले आर्वीले आणला. चढावर गाडी घुर्र घुर्र करे, मांग काळी रेघ. बाबारावचं दुकान गर्दीनं भरलेलं. चांगलं झालं म्हणलं, लोकं पायजेच होते. मी केबिनीतूनच सुरू झाली.

"सगळे ऐका हो! हा मिस्त्री नकली सील टाकते! यानं माहा बांड्या आजारी पाडला! याची मिशी अजून तोंडावर कशी इचारा, काढणार होता!"

बाबाराव पाना टाकून उठला. "ओ काकू, तोंड सांभाळून! माह्या दुकानात मोठमोठ्या गाड्या येतेत."

"येतेत खऱ्या, जाताना खाली बादली बांधून जातेत!"

"तीन तीन सील एकाच वक्ती खराब होत नाई! दोष तुमच्या गाडीत हाय!"

"माह्या गाडीत? लेकरावानी जपते मी तिले! पुरा आर्वी तालुका पाहून घे, माह्याएवढी गाडीची सेवा कोणी करत असंल तं सांग!"

बाजूले एक पेंटर कोण्या ट्रकाच्या मागं मोर काढून राह्यला होता. त्याच्या हातात ब्रश पाह्यला अन् माह्या अंगात आलं. मी खाली उडी मारली.

"ए पेंटर! आज गळतीचं कारण निघालं पायजे. ज्याची चूक निघंल त्याचं नाव बांड्याच्या पाठीवर लिहायचं. मोठ्या अक्षरात. अन् हंगाम संपेपर्यंत पुसायचं नाई! हाय का हिंमत, मिस्त्री?"

"हाव, हाय!" बाबाराव म्हणे. "अन् पलटी नाई मारायची, काकू."

"कांता पलटी मारत नाई. गाडी मारंल एखादवेळी."

लोकायनं टाळ्या वाजवल्या. तुमाले सांगते, कोणी टाळ्या वाजवल्या का समजाचं, आपण खड्ड्यात उतरून राह्यलो अन् लोकं माती घेऊन उभे आहेत.

आता बाबारावची इज्जत पणाले लागली, तवा कुठं त्यानं तोंड बंद करून डोकं चालवलं. अक्सलले हात लावला, झटकन मांगं घेतला. तव्यावानी तापलेला.

"काकू, सील तिन्ही चांगले हायेत. आतून कोणीतरी तेल ढकलून राह्यलं."

"कोण? भूत?"

"हवा. गाडी चालली का आतलं तेल तापते, हवा फुगते. तिले निघाले वाट पायजे. वाट भेटली नाई तं ती सीलाच्या कडेनं तेल घेऊन निघते. म्हणून तं तिन्हीकडून येऊन राह्यलं. अक्सलच्या वर हवेची वाट असते, ब्रीदर म्हणतेत. अक्सलचं नाक समजा. ते पाहू द्या."

"तीनदा खाली झोपला तवा नाई दिसलं नाक?"

तो बॅटरी घेऊन खाली सरकला. मीही मांगं मांगं सरकली. काऊन का माहा भरोसा नव्हता, खाली जाऊन हाच काही तोडंल अन् मले दाखवंल. तर आमी दोघं ट्रकाखाली उताणे, बाजूबाजूले, अन् बाहेर पाह्यणाऱ्यायचे नुसते पाय दिसून राह्यले.

बाबारावनं बॅटरी वर मारली. अन् तिथंच धरून ठेवली.

"काकू... हे काय हाय?"

"कोणतं?"

"हे. पिवळं, लाल. नारळाच्या लाडूसारखं."

"ते व्हय? ते वशिंड."

"कायचं?"

"बांड्याचं. लेप हाय त्याच्यावर. हळद-चुन्याचा. खांदा दुखते ना त्याचा."

बाबारावनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं. मी त्याच्याकडं पाह्यलं. इतक्या जवळून मिशी पाह्यली तं ग्रीस नव्हतंच, तेल होतं. माह्याच गाडीचं.

"काकू, लेपाच्या खाली?"

"खाली गुंडी हाय. टोपीवाली. तिले मी पोळ्याले रंग..."

अन् माही जीभ तिथंच थांबली. हवेची वाट. वर असते. नाक. माह्या डोक्यात एक एक गोष्ट अशी बसत गेली जशा रत्नाच्या ट्रकाच्या लाइटी पेटतेत. बाबाराव हासला नाई. हासला असता तं बरं झालं असतं. त्यानं स्क्रू पिळाचा पेचकस घेतला अन् म्हणाला, "तोंड बाजूले घ्या, काकू."

आता माह्यासारख्या बाईले कोणी 'तोंड बाजूले घ्या' म्हणलं तं ती घेईन का? मी अजून पुढं केलं!

त्यानं गोळ्याले पेचकस घातला, वरून एक ठोका मारला. अन् फुस्सऽऽऽऽ! असा आवाज, जसा शंभर बैलायनं एकदम श्वास सोडला. कोंडलेली हवा सुटली, गोळा फुटला, अन् त्याचा सगळ्यात मोठा तुकडा येऊन बसला बरोबर माह्या कपाळावर. कुंकवाच्या वर. बांड्यानं माही पूजा केली!

अन् ते फुसफुसणं काही थांबेना. बाहेरचे लोकं वाकून वाकून खाली पाहून राह्यले.

"टायर फुटला का, मिस्त्री?" कोणीतरी इचारलं.

"नाई," बाबाराव खालूनच ओरडला, "काकूचा गैरसमज फुटला!"

मी बाहेर निघाली तं कपाळावर हळद, नाकावर चुना, केसात लाल रंगाचे पोपडे. पेंटर माह्याकडं पाहून राह्यला, अन् ब्रश रंगात बुडवून राह्यला. मेला इतका तत्पर! मोर अर्धवट सोडून आला.

बाबारावनं मंग काम मात्र नीट केलं. टोपी काढून धुतली, फुंकून पाह्यली, बसवली. हवेनं ढकलून ढकलून सीलाच्या कडा वाकल्या होत्या, तिन्ही सील बदलले. तेलात भिजलेले लायनर काढून नवीन टाकले. अक्सलमधी तेल मोजून भरलं. मी सगळं उभ्यानं पाह्यलं, पण एक शब्द बोलली नाई. लोकं डॉक्टरले बोलवाच्या विचारात होते.

राह्यलं पाठीवरचं नाव. मी म्हणलं, लपून राहाची नाई, लिही. पेंटरनं इचारलं, काय लिहू? बाबाराव टपूनच होता. त्यानं उभ्या उभ्या शायरी पाडली, अन् बांड्याच्या पाठीवर लाल अक्षरात उतरली:

हळद लावा नवरीले, नाक मोकळं गाडीले!
— कांताबाई, रोहणा

"थांब," मी पेंटरले म्हणलं, "खाली बारीक अक्षरात लिही: तीनदा पाहून ज्याले दिसलं नाई तो मिस्त्री, बाबाराव." बाबारावनं लय उड्या मारल्या. मी म्हणलं, "पलटी नाई मारायची, मिस्त्री." लिहून घेतलं. पण बारीक अक्षर कोण वाचते हो? मोठंच वाचतेत.

सोमवारी जिनिंगच्या गेटावर बांड्या उभा. चौकीदारानं अक्सलखाली रद्दी पेपर पसरला, स्टुलावर बसून चहा पेला. मी पेपराकडं पाहून राह्यली, रत्ना पलीकडून आपल्या वरातीच्या ट्रकातून पाहून राह्यली. चहा संपला. पेपर उचलला. कोरडा! एक टिपका नाई! शेठनं मान हलवली, "चलो, अंदर लो." हंगाम माहाच राह्यला. मी रत्नाकडं मान वर करून पाह्यलं. अशी मान, जशी गावाच्या पोळ्यात मानाच्या बैलाची असते.

गाडी आत वळली. पाठ रत्नाकडं झाली.

तिनं मोठ्यानं वाचलं. मंग चौकीदारानं वाचलं. मंग हमाल लोकायनं. ज्याले वाचता येत नव्हतं त्याले दुसऱ्यानं वाचून दाखवलं. साक्षरता इतकी कामाची असते हे मले त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी घरी आली ती तापलेलीच. गुलाबराव खाटेवर. मी सुरू! बाबाराव असा, रत्ना तशी, पेंटर मेला तसा, पोळ्याले रंग लावला तं कोणाचं काय जाते, गाडीवाल्यायनं वरून लिहून ठेवाले नको का हे नाक हाय म्हणून! चूल पेटली, भाजी झाली, भाकरी झाल्या, माहं तोंड सुरूच. जेवता जेवता गुलाबराव थांबले. पाणी पेले. मंग म्हणाले, "कांता, एक गोष्ट मात्र खरी."

मी चूप. ते बोलले म्हणजे केवढी घटना!

"तुहं सील या जन्मात खराब नाई होत."

"काऊन?"

"तुहा ब्रीदर कधी बंदच नसते."

इतक्या वर्षांत या माणसानं एक वाक्य जमवलं, अन् ते हे! आता याले असं उत्तर द्याचं म्हणून मी तोंड उघडलं. तं हसूच आलं. हसू दाखवाचं नाई म्हणून तोंड गच्च मिटलं, पदर दाबून धरला.

अन् लागली ना गळती सुरू, डाव्या डोळ्यातून, उजव्या डोळ्यातून, अन् समोरून नाकातूनही!